गप्पी मासा गप्पा मारतो का?

वाशीम जिल्ह्यातील एका शाळेत डासांविषयी बोलताना आम्ही गप्पी माशांचा उल्लेख केला. लगेच एका मुलाने विचारले, "सर, ते मासे गप्पा मारतात का?" वर्ग खो खो हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. प्रत्येक नाव कोणीतरी उच्चारलेले आणि कोणीतरी ऐकलेले असते. त्याचा माग काढू लागलो की इतिहास हाती लागतो.

'गप्पी' हे एका माणसाचे आडनाव. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी हे त्रिनिदाद बेटावरील निसर्ग-अभ्यासक होते. त्यांनी पाठवलेल्या माशांना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गुंथर यांनी १८६६ साली गप्पींच्या नावावरून शास्त्रीय नाव दिले. पण जर्मनीच्या पीटर्स यांनी १८५९ मध्येच याच माशाला 'पोइसिलिया रेटिक्युलाटा' म्हटले होते. प्राणिनामकरणात आधीचे नाव ग्राह्य धरतात. त्यामुळे शास्त्रीय नावातून गप्पी गेले. काचपेटीत आणि हिवतापविरोधी मोहिमेत मात्र ते टिकून राहिले.

आपल्याकडची तऱ्हा याच्या उलट. येथे लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रात शिरली. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात रोहिता, कतला, मृगल ही स्थानिक नावे लॅटिन साच्यात बसवलेली आहेत. काचपेटीतल्या पट्टेरी झेब्रा माशाचे 'डॅनिओ' हे प्रजातिनामही बंगाली 'धानी'वरून आले. धानी म्हणजे भातखाचरातला.

दख्खनमध्ये हेच काम कर्नल विल्यम साइक्स यांनी केले. मुंबई सरकारसाठी पाहणी करत फिरताना त्यांनी मासेही गोळा केले आणि त्यांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध झाली. आपली शिंगटी तेथे 'सींगटी' झाली. 'श'चा 'स' झाला, पण मासा ओळखू येतो. त्या काळचे इंग्रज आपल्या 'अ' स्वरासाठी 'यू' हे अक्षर वापरत. त्यामुळे साइक्स यांच्या लेखाच्या शीर्षकातील 'दख्खन' आजचा विद्यार्थी 'डुखुन' असे वाचील. मल्या माशाचे 'मुल्या' झाले तेही याच रीतीने.

मग ही नावे आता दुरुस्त का करत नाहीत? आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे परभाषेतला शब्द लिप्यंतरात चुकला, एवढ्या कारणाने नाव बदलता येत नाही. प्रत्येकाने आपल्या कानाप्रमाणे सुधारणा केली, तर एकाच माशाची दहा नावे होतील. म्हणून मोडके नावच कायम राहते. त्या मोडक्या नावात सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम भोयाचा उच्चार जपला गेला आहे.

वाशीमकरांना तर याचे नवल वाटू नये. वाकाटकांच्या काळचे वत्सगुल्म प्राकृतात 'वच्छोम' झाले, पुढे वाशीम. इंग्रजांच्या दप्तरात त्याचेच 'बासिम' झाले. नाव झिजले, गाव तेच राहिले.

आज मुलांना मॉली, फायटर, गप्पी ठाऊक असतात. पैनगंगेच्या किंवा अडाणच्या जाळ्यात येणाऱ्या बारीक माशांची नावे मात्र त्यांना सांगता येत नाहीत. ती नावे वृद्ध मासेमारांच्या तोंडी आहेत. ते बोलायचे थांबले की नावेही थांबतील. शिक्षकांनी वर्गात एक वही ठेवावी. मुलांनी बाजारात, नदीकाठी विचारून माशाचे नाव, गाव, तारीख आणि माशाचे चित्र तीत उतरवावे. नाव ऐकू येईल तसेच लिहावे, पुस्तकी करू नये. साइक्स यांच्यापेक्षा आपल्या मुलांची एक बाजू भक्कम आहे. 'श' आणि 'स' यांतला फरक त्यांच्या कानांना कळतो.