काकासाहेबांना का मरावे लागले?

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ 1937 साली पडद्यावर आला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतलेला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नीरा झाल्या होत्या शांता आपटे आणि काकासाहेब केशवराव दाते. पैशाच्या लोभाने घरचीच माणसे एका पोरक्या मुलीला म्हाताऱ्या बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतात. मुलगी मात्र त्याची बायको म्हणून नांदायला साफ नकार देते. शेवटी काकासाहेबांना पश्चात्ताप होतो आणि तिला मोकळी करण्यासाठी ते आपला जीव देतात.

हा बोलपट मी अलीकडे तबकडी आणून घरीच पुन्हा पाहिला. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कानी पडतात ते त्या घरातलेच आवाज. थिएटरच्या गर्दीत हे फारसे जाणवत नाही, घरच्या शांततेत भिंतीवरचे घड्याळसुद्धा अंगावर येते. चित्र संपले आणि आमची नात म्हणाली, “आजोबा, मरायचं कशाला? घटस्फोट द्यायचा की!”

प्रश्न भाबडा वाटेल, पण सारे मर्म त्यातच आहे. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात, म्हणजे 1899 साली, जरठ-कुमारी विवाह मोडतो तो वर आणि वधू सगोत्र निघाल्यामुळे. तिथे शास्त्रच धावून येते. नीरेचे लग्न तर लागून गेलेले. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले, पण वराने किती म्हातारे असू नये याविषयी तो मुकाच राहिला. पुष्कळ जातींत काडीमोडाची आणि पाटाची रूढी होती. बडोदे संस्थानाने तर 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाही केला. परंतु पांढरपेशा घरात लागलेले लग्न म्हणजे जन्माची गाठ. नवरा नको म्हणणाऱ्या रखमाबाईंना 1887 साली मुंबईच्या कोर्टाने फर्मावले होते, नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा.

आता गंमत पाहा. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने 1856 सालीच मुभा दिलेली होती. म्हणजे नवरा मेला तर बाईला वाट होती, तो जिवंत असेपर्यंत नव्हती. काकासाहेब वकील, ही गोष्ट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? म्हणून त्यांच्या मरणाकडे नुसते प्रायश्चित्त म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. नीरेला मोकळे करण्याचा दुसरा रस्ता कायद्याच्या पुस्तकात नव्हता. तिचे कुंकू पुसले गेल्यावाचून तिला नवे कुंकू लावता येत नव्हते! या चित्रपटाला हे नाव किती नेमके दिले आहे, ते इथे ध्यानात येते.

पुढे मुंबई प्रांतात 1947 साली आणि साऱ्या देशात हिंदू विवाह कायद्याने 1955 साली घटस्फोटाचे दार उघडले. पण तेही किलकिलेच. कुणाचा तरी दोष सिद्ध करावा लागे. दोघांनाही वेगळे व्हायचे आहे, एवढे कारण कायद्याला पुरे वाटेना. परस्परसंमतीची सोय झाली ती 1976 साली, ‘कुंकू’नंतर एकोणचाळीस वर्षांनी.

विधवा मुलीची भूमिका यात शकुंतलाबाई परांजपे यांनी केली आहे. रँग्लर परांजप्यांची ही कन्या पुढे संततिनियमनाच्या कार्यासाठी ओळखली गेली. असली माणसे गोळा करून प्रभातने हा विषय मांडला, आणि कायदा काढू शकत नव्हता तो तोडगा कथेने एका जिवाची किंमत देऊन काढला.

नातीला हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हणजे चूक एकट्या काकासाहेबांची नव्हती.” मी म्हटले, “त्यांची होतीच. पण ती निस्तरायला त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते.”