ओळखीवर मिळणारी नोकरी : टोळीवाल्यापासून लिंक्डइनपर्यंत

आपल्या विहारांत हल्ली करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. या शिबिरांत एक सल्ला हमखास मिळतो : लिंक्डइनवर प्रोफाइल काढा, नेटवर्क वाढवा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. सगळे एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. नोकरी ओळखीने मिळते, हा शोध काही लिंक्डइनने लावलेला नाही. मुंबईत ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ओळखीच्या या बाजारात आपल्या माणसांचे स्थान काय होते, हे समजल्याशिवाय आजचे हत्यार नीट वापरता येणार नाही.

सुरुवात माझगावच्या शेजारच्या गोदीपासून करू. प्रिन्सेस डॉक १८८० साली सुरू झाला, पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक आला. मालाची चढउतार करणारे हजारो हात लागत. पण बंदराचा कारभार बहुतेक कामगारांना थेट नेमत नसे. मध्ये टोळीवाला असे. आज किती माणसे हवीत हे जहाजांवर ठरे. कोणती हवीत हे टोळीवाला ठरवी. गाव, नाते आणि जात हीच त्याची यादी. ज्याची ओळख नाही, त्याने गेटबाहेर उभे राहायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने चाळीत परतायचे.

गिरण्यांत हेच काम जॉबर करी. त्याच्या शब्दावर भरती आणि त्याच्याच शब्दावर घरी पाठवणी. तिथे जातीची रेघ आणखी ठळक होती. अस्पृश्य कामगाराला कातणखात्यात जागा मिळे, विणखात्यात मिळत नसे. विणखात्यात पगार चांगला होता. कारण असे सांगत, की धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागतो आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही कसा वापरायचा? यात कौशल्याचा प्रश्नच नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाविरुद्ध एकजूट हवी असेल, तर कामगारांनी आपापसातली ही भिंत आधी पाडली पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ होता. आजच्या भाषेत बोलायचे, तर विणखाते हे स्पृश्यांचे बंद नेटवर्क होते.

कोणी म्हणेल, शिक्षण नव्हते म्हणून असे झाले. शिकलेल्याला कोण अडवतो? त्याचे उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र शिकून आलेल्या या माणसाने बडोद्याहून परतल्यावर मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली. त्या काळच्या मुंबईत एवढे शिकलेले किती जण असतील? सुरुवातीला ग्राहक आले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर यायचे बंद झाले आणि पेढी बंद करावी लागली. म्हणजे पदवी होती, ज्ञान होते, कष्टाची तयारी होती. नव्हता तो जातीच्या ओळखीने येणारा विश्वास.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती आपण नीट अभ्यासत नाही. बाबासाहेबांच्या पुढे जी दारे उघडली, तीही ओळखींनीच उघडली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. केळुसकर ना नात्यातले, ना वस्तीतले. १९०७ साली मॅट्रिकच्या सत्कारात त्यांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. तिथे भेटलेले नवल भथेना पुढे अडचणीच्या काळात मदतीला आले. कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांमुळे शाहू महाराजांशी गाठ पडली.

समाजशास्त्रात या प्रकाराला एक नाव आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली मांडले, की नवी संधी बहुधा जवळच्या माणसाकडून येत नाही, दूरच्या ओळखीतून येते. आपल्या घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असते, ते आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी वर्तुळाबाहेरचा माणूस आणतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर केलेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले : नोकरी बदलताना अगदी घट्ट नात्यांपेक्षा बेताच्या, सैलसर ओळखी जास्त उपयोगी पडतात.

आता हे माझगावच्या बी. आय. टी. चाळीतल्या मुलीला लावून पाहा. तिचे वडील महापालिकेत सफाई कामगार, मामा रेल्वेत, शेजारी बेस्टमध्ये. एकमेकांसाठी जीव टाकणारी माणसे आहेत. पण औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत जागा निघाली, तर ती बातमी या घरापर्यंत आणणारे कोणी नाही. पार्ल्यातल्या तिच्याच वयाच्या मुलीला ती बातमी काकांच्या जेवणाच्या टेबलावर मिळते. हा दोघींच्या हुशारीतला फरक नाही. वारशात जशी जमीन मिळते, तशाच ओळखीही मिळतात. म्हणून मी लिंक्डइनकडे फॅशन म्हणून पाहत नाही. वारशात न मिळालेल्या दूरच्या ओळखी कमावण्याची ती एक जागा आहे. ती सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

मात्र तिथेही दारावर पहारा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी ठेवली. उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याचे प्रमाण ०.६७ निघाले, मुस्लिम नावाला ०.३३. अर्ज तोच, फक्त नाव बदलले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आम्ही गुणवत्ताच पाहतो' असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी'ही विचारत होते. २०१२ मध्ये देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची मोजणी झाली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे, अनुसूचित जाती-जमातींचे मिळून ३.५ टक्के. ज्यांच्या हातात शिफारस आहे, त्यांचे वर्तुळ असे आहे. कंपनीतला कर्मचारी आपल्या ओळखीच्याचे नाव पुढे करतो, त्याला आज 'रेफरल' म्हणतात आणि अनेक कंपन्या त्यासाठी बक्षीसही देतात. टोळीवाला गेलेला नाही, त्याने टाय लावला आहे.

मग बाबासाहेबांनी काय केले? स्वतःपुरती शिडी लावून ते वर चढून बसले नाहीत. त्यांनी ओळखीचे रूपांतर संस्थेत आणि नियमात केले. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, तरी ३१ जानेवारी १९२० रोजी ते पत्र निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले होते. गावोगाव विखुरलेल्या शिकलेल्या माणसांना एकमेकांचा पत्ता देणारे ते आपले माध्यम होते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२५ मध्ये सोलापूरचे वसतिगृह, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज. वसतिगृहात मुलगा नुसता राहत नाही. त्याला आयुष्यभराचे सोबती मिळतात.

नियमाची बाजू त्याहून मोठी आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. १९४५ मध्ये याच खात्याखाली सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहू लागली. सुरुवातीला ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी होती, १९४८ मध्ये सर्वांना खुली झाली. त्याच १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि पुढे मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले. कामगाराचे नाव टोळीवाल्याच्या मर्जीवरून नोंदवहीत आले. आपल्या आधीच्या पिढीने 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड' जिवापाड जपले, ते उगाच नाही. त्या कार्डावर शिफारस लागत नव्हती. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले. पण त्यात मेख होती : जागा कळवायची, भरती तिथूनच करायची सक्ती नाही. आज सरकारी जागा आटत आहेत, कंत्राट वाढत आहे आणि आपण पुन्हा ओळखीच्या बाजारात येऊन उभे आहोत.

म्हणून माझे म्हणणे असे. लिंक्डइन वापराच, पण डोळे उघडे ठेवून. प्रोफाइलवर पदव्यांची माळ लावण्यापेक्षा काय काम केले ते लिहा. विहाराची अभ्यासिका चालवणे, जयंतीचा हिशेब ठेवणे हेही कामच आहे. अनोळखी माणसाला पहिल्याच निरोपात नोकरी मागू नका. आपण कोण हे दोन ओळींत सांगा आणि त्याच्या क्षेत्राबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा प्रत्येक जण ठग समजा. आडनाव लिहावे की नाही, हा प्रश्न मुले मला वारंवार विचारतात. पोटासाठी कोणी ते गाळले, तर त्याला मी भेकड म्हणणार नाही. लाज आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवणाऱ्याला वाटली पाहिजे. पण एकेकट्याने नाव झाकून ही भिंत पडणार नाही, हेही तितकेच खरे.

ती भिंत पाडण्यात जे आत पोहोचले आहेत, त्यांचा वाटा मोठा आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल आपले दुःख बोलून दाखवले होते. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून फोटो टाकणाऱ्या माझ्या नोकरदार मित्रांना माझा सवाल आहे : गेल्या वर्षात तुमच्या कंपनीतली एक तरी जागा तुम्ही वस्तीपर्यंत पोहोचवली का? एका तरी मुलीचा बायोडाटा वाचून दिला का? प्रत्येक विहारात एक वही ठेवा : आपले कोण कुठे काम करतो, कोण कशाबद्दल मार्गदर्शन करू शकतो. संमती घेऊनच नोंद करा आणि ती वही जबाबदार माणसाच्या हाती ठेवा. दर रविवारी वंदनेनंतर आठवड्यातल्या जागा वाचून दाखवा, कारण स्मार्टफोन घराघरांत असला तरी महिनाभराचा रिचार्ज प्रत्येकाला परवडत नाही.

आणि हे करताना मोठी मागणी विसरू नका : खासगी क्षेत्रात आरक्षण आणि प्रत्येक रिकाम्या जागेची जाहीर सूचना. ओळख वाढवल्याने आपल्यातले काही जण आत जातील. ओळख नसलेल्यालाही आत जाता यावे, यासाठी नियमच लागतो. पहिले काम मोबाईलवर होईल, दुसरे संघटनेशिवाय होणार नाही.

जय भीम!