दिनविशेष : २६ नोव्हेंबर
१९४३ : सैनिकवाहू 'रोहना' जहाजाला जलसमाधी

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'रोहना' हे ८,६०२ टनांचे जहाज १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये बांधले गेले. मद्रास-नागपट्टणम-सिंगापूर मार्गावर प्रवासी नेणारे हे जहाज १९४० मध्ये सैन्याच्या वाहतुकीसाठी ताब्यात घेण्यात आले.

२६ नोव्हेंबर १९४३ रोजी सुमारे दोन हजार अमेरिकी सैनिकांना घेऊन ते ओरानहून सुएझच्या दिशेने निघालेल्या ताफ्यात होते. या सैनिकांना पुढे भारत-ब्रह्मदेश आघाडीवर जायचे होते. अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानाने सोडलेला, रेडिओद्वारे नियंत्रित होणारा 'एचएस २९३' बॉम्ब जहाजात घुसला. कितीतरी होड्या पाण्यात उतरवताच आल्या नाहीत. कमरेला बांधायचे हवेचे पट्टे नीट कसे वापरायचे, हे अनेकांना शिकवलेच नव्हते. पट्टा खाली सरकला की माणूस पाण्यात उलटा होई. 'पायोनियर' या अमेरिकी सुरुंगशोधक जहाजाने अंधारातही ६०६ जणांना वाचवले.

या हल्ल्यात १,१०० हून अधिक जणांचा बळी गेला. त्यांत १,०१५ अमेरिकी सैनिक होते. शत्रूच्या एकाच हल्ल्यात समुद्रावर अमेरिकी सैन्याची झालेली ही सर्वांत मोठी प्राणहानी. नव्या अस्त्राचे यश जर्मनांना कळू नये म्हणून तपशील गुप्त ठेवला गेला आणि आप्तांना कित्येक वर्षे पूर्ण हकिगत समजली नाही. मृतांमध्ये जहाजावरील शंभराहून अधिक खलाशीही होते, बहुतेक भारतीय. रोहनाची आठवण काढताना त्यांनाही तितक्याच आदराने वंदन करायला हवे.