रागाचा धनी कोण?

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या यात्रेत इथे नारळांची होळी पेटते. एरवीही मनाने बिघडलेल्या माणसाला घेऊन घरचे लोक इथे मुक्काम टाकतात, हिंदू आणि मुसलमान दोन्हीही. केस सोडलेली एखादी सून घुमू लागते, किंचाळते, सासरच्यांचा उद्धार करते. घरी हेच शब्द तोंडातून निघाले असते तर मार बसला असता. इथे सासू हात जोडून उभी राहते, कारण बोलणारी सून नसते, तिच्यातली बाधा असते. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीला असंच पाहिलं आणि १९८२ च्या पुस्तकात त्याचा अर्थ लावला: स्वतःच्या म्हणून कबूल करता येत नाहीत त्या भावना भुताच्या तोंडून बाहेर पडतात. म्हणजे रागाला श्रोते मिळाले, मोकळीक मिळाली, पण धनी मिळाला नाही.

आजच्या गटोपचारात, म्हणजे गटात बसून होणाऱ्या मानसोपचारात, रागावर जे काम होतं त्याचं मूळ बहुतेक जण १८९५ च्या व्हिएन्नात, ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात शोधतात: दाबलेली भावना बाहेर पडली की माणूस बरा होतो. हा पूर्वज मला अपुरा वाटतो, कारण नुसता निचरा तर सैलानीलाही होतो. शिवाय मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक, काहीही न करता बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. खरं कूळ लागतं ते १९४२-४३ च्या हिवाळ्यात, बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात. १८९७ साली मथुरेत जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धात रणगाड्यांवर लढलेले विल्फ्रेड बायन तिथे मन खचलेल्या सैनिकांचा विभाग सांभाळत होते. सैनिक तक्रार घेऊन आले: शंभरातले वीसच काम करतात, बाकीचे ऐंशी कामचुकार आहेत. साहेबांनी शिक्षा करावी अशी त्यांची अपेक्षा होती. बायन यांनी शिक्षा नाकारली आणि हा प्रश्न सगळ्यांचा म्हणून सगळ्यांनीच अभ्यासावा, असं सांगितलं. राग ज्यांचा होता त्यांच्याच पदरात त्यांनी तो परत घातला. वरिष्ठांनी सहा आठवड्यांत प्रयोग बंद पाडला, पण त्याच रुग्णालयात पुढे मनोविश्लेषक एस. एच. फूक्स आले आणि त्यांनी या कामाला टिकाऊ घडी दिली: सात-आठ माणसं, गोलात खुर्च्या, आठवड्यातून एकदा दीड तास. अशा गटात उशिरा येणाऱ्यावर कुणी खेकसला तर डॉक्टर त्याला गप्प करत नाहीत. आत्ता काय झालं, हे गटाला विचारतात. आणि हळूहळू त्या माणसाला कळतं की हा राग कधीच वेळेवर न आलेल्या बापावरचा आहे.

हे शहरातलं, परक्याचं शास्त्र आहे, खेड्यात कोण असं बसणार, असा आक्षेप येतो. बसण्याची अडचण नाही. भजनी मंडळं आणि बचत गट बसतातच. खरी अडचण गुपिताची आहे. फूक्स यांच्या गटात माणसं एकमेकांना अनोळखी असत, आणि इथे एका तालुक्यात कुणी ना कुणी सोयरा निघतोच. म्हणून असे गट गावात नकोत, जिल्हा रुग्णालयात हवेत, वेगवेगळ्या तालुक्यांतली माणसं घेऊन. दुसरा आक्षेप मी मान्य करतो: सैलानीला घरचे लोक रुग्णाबरोबर दिवसच्या दिवस थांबतात, आणि ती सोबत दवाखान्यात सहसा मिळत नाही. रुग्णाला बांधणारे साखळदंड मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बेकायदा ठरले आहेत, त्याबाबत तडजोड नाही. आणि कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला तर बाधेचाही आडोसा नसतो. भाव पाडणाऱ्यावरचा, सावकारावरचा राग तो स्वतःवरच उलटवतो. दुसऱ्यावरचा राग माणूस असा स्वतःवर उलटवतो, हे फ्रॉइड यांनी १९१७ च्या विषादावरच्या निबंधात ओळखलं होतं. त्याला समुपदेशकाच्या सल्ल्याइतकीच आणखी सहा शेतकऱ्यांची गरज आहे, ज्यांच्यापुढे तो राग स्वतःच्या नावाने बोलता येईल आणि जे घाबरून उठून जाणार नाहीत.