बुधावरचे बर्फ

श्रोतेहो, बुध हा सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह. तिथे दुपारी ४३० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चढते, शिसेसुद्धा वितळावे. या भट्टीत बर्फ आहे असे कोणी म्हटले असते, तर आपण हसलोच असतो, नाही का?

१९९१ साली कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटर रुंद तबकडीतून शास्त्रज्ञांनी बुधाकडे रेडिओलहरी सोडल्या. आडात हाक मारावी आणि परतलेला आवाज ऐकावा, तसाच हा प्रकार. क्षीण प्रतिध्वनी न्यू मेक्सिकोतल्या २७ तबकड्यांनी टिपला, तो काय! उत्तर ध्रुवापाशी एक ठिपका लख्ख उजळलेला. गुरूच्या बर्फाळ चंद्रांवरून येतो तशाच धाटणीचा प्रतिध्वनी! पुढे पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीने त्या एकाचे अनेक ठिपके करून दाखवले. मरिनर १० या यानाने १९७४-७५ साली टिपलेल्या विवरांशी त्यांतले कितीतरी जुळले.

बुधाचा आस जवळजवळ सरळ उभा. म्हणून ध्रुवाकडच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही, आणि सावलीत ऊब वाहून न्यायला तिथे हवाही नाही.

तरीही काहींना वाटे, हे गंधक असेल. शंका रास्तच होती. प्रतिध्वनी काही वस्तूचे नाव सांगत नाही. मेसेंजर यान २०११ मध्ये बुधाभोवती फिरू लागले. त्याच्या न्यूट्रॉनमापकाला ध्रुवाजवळ हायड्रोजनचा साठा आढळला, आणि २०१२ साली शास्त्रज्ञांनी पाण्याच्या बर्फाचा निर्वाळा दिला. अरेसिबोची ती दुर्बीण मात्र डिसेंबर २०२० मध्ये कोसळली.