भूतशोधाचे कार्यक्रम आणि प्रेक्षकांचे मत : इंग्लंड व अमेरिका, १९३६ ते २००८

झपाटलेली म्हणून प्रसिद्ध असलेली वास्तू निवडावयाची, तेथे रात्र काढावयाची, आणि जे दिसेल वा ऐकू येईल ते प्रेक्षकांपुढे मांडावयाचे, या स्वरूपाचे कार्यक्रम इंग्लंड-अमेरिकेतील दूरचित्रवाणीचे आता एक परिचित अंग होऊन बसले आहेत. त्यांच्याविषयी प्रेक्षकांनी वेळोवेळी प्रकट केलेल्या मतांचा विचार करू लागताच पहिला प्रश्न मनात येतो तो असा की, या प्रेक्षकांचा भुतांवर विश्वास होता की नव्हता? प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, हा प्रश्न या मतांचा उलगडा करण्यास अपुरा पडतो. प्रेक्षकांचा लोभ किंवा रोष हा भुताच्या अस्तित्वापेक्षा निराळ्याच गोष्टीवर अवलंबून राहिला. सांगणारा कोणत्या वाणीने बोलत आहे, आणि आपल्या बोलण्याची जबाबदारी तो कितपत स्वीकारीत आहे, ही ती गोष्ट होय.

हा मुद्दा मराठी वाचकास आपल्याच भाषेच्या आधारे सहज पटण्यासारखा आहे. ‘त्या वाड्यात रात्री पावले वाजतात’ आणि ‘त्या वाड्यात रात्री पावले वाजतात म्हणे’ या दोन वाक्यांतील आशय एकच असला, तरी दुसऱ्या वाक्यातील वक्त्याने विधानाचा भार स्वतःच्या खांद्यावरून उतरवून ठेवला आहे. ज्ञान कोठून प्राप्त झाले हे दर्शविणारी अशी साधने अनेक भाषांत आढळतात. तुर्की भाषेत तर ऐकीव वा अनुमानित वृत्त सांगण्यासाठी क्रियापदाचा विशिष्ट प्रत्ययच योजिला जातो. इंग्रजीत असा नियत प्रत्यय नाही. तेथे हे कार्य क्रियाविशेषणे व वाक्यखंड यांच्याकडून करून घ्यावे लागते. दूरचित्रवाणीवर तेच कार्य निवेदकाची बैठक, त्याचा स्वर, त्याची पूर्वख्याती व कार्यक्रमाचा साचा ही सारी मिळून करीत असतात. पुढील विवेचनात प्रेक्षकांच्या मतांकडे या दृष्टीने पाहावयाचे आहे.

भूतविषयक लोकमत पद्धतशीरपणे गोळा करण्याचा उद्योग दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुना आहे. १८८२ साली लंडन येथे स्थापन झालेल्या अतींद्रिय संशोधन संस्थेने पुढे सुमारे १७,००० व्यक्तींस प्रश्न विचारून त्याचे वृत्त १८९४ साली प्रसिद्ध केले. जागृतावस्थेत, कोणतेही बाह्य कारण नसता, आपणांस कोणी दिसल्याचा, स्पर्श केल्याचा वा आवाज ऐकल्याचा अनुभव आला आहे काय, असा तो प्रश्न होता; आणि होकारार्थी उत्तरे सुमारे १० टक्के होती. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, उत्तर देणारा प्रत्येकजण स्वतःच्या अनुभवाचा साक्षीदार होता. १० मार्च १९३६ रोजी हॅरी प्राइस यांनी केंट परगण्यातील मीओपॅम येथील एका वाड्यातून बी.बी.सी.वर थेट ध्वनिक्षेपण केले, तेव्हा ही स्थिती पालटली. साक्षीदार एकच राहिला, आणि ऐकणारे सारे त्याच्या शब्दावर विसंबून असलेले श्रोते झाले. अन्वेषक, त्याची उपकरणे, रात्रीची वेळ आणि ‘हे या क्षणी घडत आहे’ ही ग्वाही, असा जो साचा पुढे रूढ झाला त्याची मुख्य अंगे या प्रसंगातच दिसतात.

या साच्याची खरी कसोटी लागली ती ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी. त्या दिवशी, म्हणजे भुताखेतांशी जोडल्या गेलेल्या हॅलोविनच्या रात्री, बी.बी.सी.ने ‘घोस्टवॉच’ हा कार्यक्रम दाखविला. स्टीफन व्होक यांनी लिहिलेले व लेस्ली मॅनिंग यांनी दिग्दर्शित केलेले हे वस्तुतः नाटक होते, आणि ते आधीच चित्रित करून ठेवलेले होते. तथापि त्याची मांडणी थेट वृत्तनिवेदनाची होती. मुलाखतकार म्हणून सर्वमान्य झालेले मायकेल पार्किन्सन कलागृहात बसले होते. मुलांच्या कार्यक्रमांतून घरोघरी पोहोचलेल्या सारा ग्रीन या लंडनमधील एका सामान्य कुटुंबाच्या घरात होत्या. आणि दोघेही स्वतःच्याच नावाने वावरत होते. पडद्यावर दिलेला दूरध्वनी क्रमांकही बी.बी.सी.च्या अन्य कार्यक्रमांतून प्रेक्षकांना पाठ झालेला असा होता. त्यावर संपर्क साधणाऱ्यास हे सारे कल्पित असल्याचे सांगण्याची व्यवस्था होती. परंतु मार्ग इतका व्यस्त झाला की, पुष्कळांच्या कानी ती सूचना गेलीच नाही. प्रारंभी लेखकाचे नाव दाखविण्यात आले होते, आणि कार्यक्रमपत्रिकेत नटांची नावेही छापलेली होती. म्हणजे ‘म्हणे’ हा शब्द उच्चारला गेला होता खरा. परंतु उरलेला दीड तास प्रत्येक चिन्ह त्याच्या विरुद्ध साक्ष देत होते.

सुमारे १ कोटी १० लाख प्रेक्षकांनी पाहिलेल्या या कार्यक्रमावर तक्रारींचा वर्षाव झाला. त्यांतील मुख्य आक्षेप भूत दाखविल्याबद्दलचा नव्हता. भुताची नाटके ब्रिटिश प्रेक्षकांनी आवडीने पाहिलेली होती. ज्या तोंडून आपण सत्य ऐकत आलो त्याच तोंडाने आपणांस फसविले, ही ती वेदना होती. तिचे परिणामही गंभीर झाले. या कार्यक्रमानंतर मानसिक आघाताची लक्षणे दिसलेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांचे वृत्त १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रक्षेपणानंतर काही दिवसांनी एका तरुणाने आत्महत्या केली. त्याच्या पालकांनी कार्यक्रमास जबाबदार धरून दाद मागितली. १९९५ साली प्रसारणाच्या दर्जावर देखरेख करणाऱ्या संस्थेने असा निर्णय दिला की, कार्यक्रमात भीतीचे वातावरण हेतुपुरस्सर निर्माण करण्यात आले, आणि तो कल्पित असल्याची सूचना पुरेशी नव्हती. बी.बी.सी.ने तो कार्यक्रम ब्रिटनमध्ये पुन्हा दाखविला नाही. हा निर्णय बारकाईने पाहता एक प्रकारे व्याकरणविषयकच म्हणावा लागेल. कारण विधानाबरोबर त्याचे प्रामाण्यदर्शक चिन्ह ठळकपणे दिले गेले नाही, हाच त्यातील दोषारोप आहे.

दहा वर्षांनी चित्र सर्वस्वी पालटले. २००२ साली ‘लिव्हिंग’ या खासगी वाहिनीवर ‘मोस्ट हॉन्टेड’ सुरू झाला. त्याच्या निवेदिका इव्हेट फील्डिंग याही पूर्वी मुलांच्या कार्यक्रमातूनच प्रसिद्धीस आलेल्या होत्या. आणि डेरेक अकोरा हे मृतात्म्यांशी संवाद साधणारे माध्यम म्हणून त्यात काम करीत. २००५ साली कार्यक्रमातीलच परामानसशास्त्रज्ञ किअरन ओकीफ यांनी उघड केले की, त्यांनी बॉडमिनच्या जुन्या तुरुंगातील ‘क्रीड केफर’ नावाच्या एका अधिकाऱ्याची कल्पित माहिती अकोरा यांच्या कानी जाईल अशी तजवीज केली, आणि पुढे त्या अधिकाऱ्याचा आत्मा अकोरा यांच्या मुखातून बोलू लागला. त्या नावाची रोमन अक्षरे फिरवून लावली असता ‘डेरेक फेकर’, म्हणजे ‘ढोंगी डेरेक’, असे शब्द होतात.

फसवणुकीचा इतका स्पष्ट आरोप झाल्यावर १९९२ सारखाच क्षोभ उसळेल अशी अपेक्षा कोणी केली असती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. तक्रारींचा विचार करून ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने डिसेंबर २००५ मध्ये निर्णय दिला की, कार्यक्रमातील नाट्याचे प्रमाण पाहता तो खऱ्याखुऱ्या अन्वेषणात मोडत नाही. तो मनोरंजन होय, आणि म्हणून नियमभंग झालेला नाही. अकोरा त्याच वर्षी कार्यक्रमातून बाहेर पडले. कार्यक्रम मात्र चालू राहिला. दोन्ही प्रसंगांतील भुते सारखीच कल्पित होती. भेद होता तो वाणीचा. पहिली वाणी वृत्ताची होती, दुसरीच्या शेवटी प्रेक्षकाने मनातल्या मनात ‘म्हणे’ जोडून घेतलेले होते.

अमेरिकेत प्रेक्षकाच्या भूमिकेस आणखी एक वळण मिळाले. २००४ साली ‘साय-फाय’ वाहिनीवर सुरू झालेल्या ‘घोस्ट हंटर्स’चे नायक जेसन हॉव्ज व ग्रँट विल्सन हे व्यवसायाने नळजोडणी करणारे कारागीर होते. माध्यमाच्या वाणीची जागा येथे उपकरणांनी घेतली. ध्वनिमुद्रणातील अस्पष्ट कुजबुज ऐकवावयाची, आणि तिचा मानलेला अर्थ पडद्यावर अक्षरांत दाखवावयाचा, ही त्यातील एक नित्याची रीत होय. भाषाभ्यासकास या रीतीचे मर्म चांगले ठाऊक आहे. १९८१ साली रॉबर्ट रेमेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ तीन शुद्ध स्वरलहरींनी घडविलेले वाक्य लोकांना ऐकविले. हे बोलणे आहे अशी सूचना नसता बहुतेकांना त्यात शिट्ट्या किंवा यंत्राचे आवाज भासले. तशी सूचना मिळताच अनेकांस तेथे वाक्य ऐकू येऊ लागले. अक्षरे वाचल्यावर कान त्यांच्या मागोमाग जातो. या प्रेक्षकाचे ‘मी स्वतः ऐकले’ हे मत प्रामाणिक असूनही त्याचे स्वतःचे नसते.

तथापि हाच प्रेक्षक प्रसंगी परीक्षकही झाला. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी फोर्ट डेलावेअर येथून झालेल्या थेट प्रक्षेपणात विल्सन यांची गळपट्टी अदृश्य हाताने ओढली गेल्याचे दाखविण्यात आले. अनेक प्रेक्षकांनी ते चित्रण पुनःपुन्हा, क्षणाक्षणाला थांबवून पाहिले, आणि आत दोरी असावी असा संशय व्यक्त केला. विशेष असे की, हे संशयी लोक पुष्कळसे कार्यक्रमाचे नित्याचे चाहते होते. थेट प्रक्षेपण म्हणताच त्यांनी ‘म्हणे’ काढून घेतले, आणि साक्षीदारास लागू करावयाचा कठोर निकष लावला.

अर्थात तक्रारी व आरोप यांवरून सर्व प्रेक्षकांचे मत ठरविता येत नाही. जो तक्रार करतो तोच कागदपत्रांत उरतो, आणि गंमत म्हणून पाहून झोपी गेलेला प्रेक्षक इतिहासास मूकच राहतो. परंतु एवढ्या साधनांवरूनही एक निष्कर्ष काढता येतो. १९९५ च्या निर्णयाने विधानाचे चिन्ह स्पष्ट करण्याचे दायित्व प्रसारकावर टाकले होते; २००५ च्या निर्णयाने ते चिन्ह ओळखण्याचे काम बव्हंशी प्रेक्षकाकडे सोपविले. यातून प्रसारकाची सोय झाली, आणि चतुर प्रेक्षकाचेही काही बिघडले नाही. मात्र शोकाकुल मनुष्य, एकाकी वृद्ध, किंवा रात्री उशिरा जागे राहिलेले मूल यांना ते चिन्ह ओळखता येईलच असे नाही. आणि १९९२ साली घाव बसला तो अशांनाच. प्रेक्षकांच्या मतांचा अभ्यास करताना ‘त्यांनी भूत मानले काय’ या प्रश्नाआधी ‘त्यांना कोणत्या वाणीत सांगितले गेले’ हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. एरवी फसविणाऱ्याच्या भाषेचा दोष आपण फसलेल्याच्या भोळेपणाच्या खात्यावर मांडीत राहू.