एजन्सी सुटते तेव्हा

जुन्नरच्या डोंगरांतली लेणी पाहणाऱ्यांच्या नजरा चैत्य, स्तूप, खांब यांवर खिळतात. भिंतीवरचे ब्राह्मी लेख वाचायला थांबणारे थोडेच. या लेखांत राजांपेक्षा उद्योगी माणसेच जास्त भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यवसायसंघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद इथे आहे. दुसऱ्या एका लेखात दानाची रक्कम बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे म्हटले आहे. याच काळात नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण नाणी ठेवल्याचे कोरून घेतले. त्यातल्या 2000 वर दरमहा शेकडा एक आणि 1000 वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. मुद्दल परत मागायचे नाही, भिक्षूंसाठी व्याज तेवढे घ्यायचे, अशी अट होती.

रक्कम कुणा एका विणकराच्या हवाली केलेली नव्हती. ती श्रेणीकडे होती, आणि श्रेणीतला माणूस गेला, धंदा सोडून दुसऱ्या गावी गेला, तरी व्याज देण्याची जबाबदारी श्रेणीवरच राहायची. देणे माणसाचे की संस्थेचे, हा प्रश्न विम्याच्या धंद्याने विसाव्या शतकात नव्याने आणि फार कडवटपणे सोडवला.

मुंबईत 1874 साली ओरिएंटल कंपनी निघाली. पुढे साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी उभी केली. कंपनीचे कार्यालय शहरात आणि गिऱ्हाईक तालुक्याच्या गावी, मग मधला दुवा कोण? काही कंपन्या एखाद्या प्रदेशासाठी चीफ एजंट नेमत. तो आपल्या हाताखाली एजंट तयार करी आणि त्यांनी आणलेल्या धंद्यावर वरकड कमिशन मिळवी. नोकरवर्ग न ठेवता कंपनीचा पसारा वाढे. पण घराघरांत ओळख असलेला एजंट मात्र दोन मालकांचा होऊन बसे: कागदावर कंपनीचा, रोजच्या कामात चीफ एजंटचा.

अशा माणसाने एजन्सी सोडली तर त्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या पॉलिसींवरचे रिन्युअल कमिशन कुणाचे? ते करारातूनच बुडवण्याची सोय कंपन्या करून ठेवत. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 44 ने त्याला आळा घातला. फसवणूक केलेली नसेल, तर केवळ एजन्सी संपली म्हणून रिन्युअल कमिशन नाकारता येणार नाही, असे तत्त्व त्यात होते. त्यासाठी काही अटी होत्या. एक वाट दहा वर्षे सलग काम केलेल्यांची होती, पण सोडल्यावर दुसऱ्या कुणासाठी विमा गोळा करायचा नाही, या बोलीवर. एजंट वारला तर कमिशन त्याच्या वारसांना. गावोगाव पायपीट करणाऱ्या माणसाच्या श्रमाची कायद्याने घेतलेली ही दखल मोलाची होती.

मग 1956 उजाडले. 19 जानेवारीला वटहुकूम निघाला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून राष्ट्रीयीकरण जाहीर केले. 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या एका छत्राखाली आल्या. 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, आणि महामंडळाच्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे त्याच दिवशी चीफ एजंटांचे आणि त्यांच्यासारख्याच मधल्या स्पेशल एजंटांचे करार संपले. राजीनामा नाही, मुदत नाही, वाटाघाट नाही. परिशिष्टातल्या नियमांनी भरपाई मिळायची, तेवढीच. एका दिवसात मधली अख्खी पायरी नाहीशी झाली.

गिऱ्हाईकाची पॉलिसी मात्र मोडली नाही. तिची जबाबदारी महामंडळाकडे आली, आणि राष्ट्रीयीकरणाची ही बाजू निःसंशय न्यायाची होती.

1999 च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले आणि जुना प्रश्न नव्या रूपात आला. 2016 च्या नियमांनुसार एजंटाने राजीनामा दिला की कंपनीने 15 दिवसांत एजन्सी संपल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, आणि त्यानंतर 90 दिवस उलटल्यावरच दुसऱ्या कंपनीने त्याच्या अर्जाचा विचार करायचा, असे ठरले. आयुर्विम्यासाठी एका वेळी एकाच कंपनीचे काम करता येते, त्यामुळे ही मधली तिमाही बिनकमाईची जाऊ शकते.

नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारपेठेत ओळखीवर धंदा चालतो. एजंट कंपनी बदलतो तेव्हा ‘जुनी मोडा, नवी घ्या’ हा सल्ला त्याच्या ओळखीच्या घरांपर्यंत पोहोचू शकतो. नवा हप्ता वाढलेल्या वयाने ठरतो, सुरुवातीच्या वर्षांत मोडलेल्या पॉलिसीचे पैसे बहुतेक हातचे जातात, आणि तब्येतीची चौकशी पहिल्यापासून होते. टोमॅटोच्या पट्टीवर हप्ता भरणाऱ्या शेतकऱ्याने असा सल्ला ऐकण्याआधी मूळ कंपनीच्या शाखेत जाऊन पॉलिसीची आजची किंमत लिहून घ्यावी. एजंट गेला तरी ती पॉलिसी चालवणे त्या शाखेचे कामच आहे.